चिंधा खैरनारांनी एकच लेख लिहिला

ब्लॉग लिहिला नाही म्हणून आजवर कोणाला पोलिसांनी उचलून नेलेलं नाही, ही साधी गोष्ट चिंधा खैरनार आपल्या मुलीला तीन दिवस समजावून सांगत होते. मुलगी ऐकत नव्हती. हर्षदा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करत होती आणि कोर्सच्या शेवटी प्रत्येकानं एका खऱ्याखुऱ्या माणसाचा ब्लॉग काढून दाखवायचा होता. माणूस पन्नाशीच्या वरचा हवा, लेख तीन हवेत आणि वाचक पाचशे हवेत. तरच सर्टिफिकेट.

"मग समोरच्या योगेशला धर ना," चिंधा म्हणाले.

"योगेशकाका अठ्ठेचाळीसचे आहेत, पप्पा."

"दिसतो तर साठचा."

पण हर्षदाचं एक होतं, ती हट्ट करताना आवाज चढवत नसे. नुसती शेजारी येऊन बसायची आणि उसासे टाकायची. सुरतेच्या डिंडोलीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये उसासा टाकला की तो सगळ्या घराला पुरतो. तिसऱ्या दिवशी चिंधा कंटाळून म्हणाले, "काढ बाई, काय काढायचं ते काढ."

आता चिंधा खैरनार लेखक होते का? तर समाजाच्या मते होते. सामूहिक विवाहाच्या पत्रिकेचा मजकूर अठ्ठ्याण्णव साली त्यांनी लिहून दिला होता, आणि त्यात एकही चूक निघाली नव्हती. तेव्हापासून सुरतेतल्या खैरनार भाऊबंदकीत कुठेही लग्न, जावळ, वास्तुशांती निघाली की मजकूर त्यांच्याकडे यायचा. पोटापाण्याचं काम म्हणाल तर सचिन औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये कापड तपासायचं. समोरून कापड सरकत जातं, त्यातला डाग दिसला, गाठ दिसली, धागा तुटलेला दिसला की खूण करायची. सत्तावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा केल्या होत्या, आणि म्हणूनच स्वतः काही लिहून लोकांपुढे सरकवायची त्यांना धास्ती होती. लोकांनाही डोळे असतात.

खातं उघडतानाच माशी शिंकली. जन्मतारीख भरताना हर्षदाचं बोट घसरलं आणि चिंधांचं जन्मवर्ष दोन हजार पंधरा झालं. झालं! मशीननं लगेच कळवलं की तुम्ही दहा वर्षांचे आहात, पालकांना बोलवा. तारीख दुरुस्त करायला जावं तर ओळखपत्र मागे, ओळखपत्र दिलं तर त्यावरचं नाव गुजरातीत, मशीनला ते वाचता येईना. दोन तास झटापट केल्यावर हर्षदानं सोपा मार्ग काढला. तिनं स्वतःला वडिलांची पालक म्हणून नोंदवलं. म्हणजे चोपन्न वर्षांच्या माणसानं चार ओळी टाकायच्या आणि वीस वर्षांच्या पोरीनं 'परवानगी आहे' असं बटण दाबायचं. टाकलेलं पुसायचं तरी तेच. चिंधांच्या तोंडाची चव गेली. "लगीन लावायचं असलं तरी हिलाच विचारायचं का आता?" असं ते सरलाबाईंना म्हणाले, आणि सरलाबाईंनी फणकाऱ्यानं विचारलं की कोणाचं लगीन.

सरलाबाई म्हणजे चिंधांच्या मंडळी. त्या दिवसांत त्यांना ब्लॉगफिग काही सुचत नव्हतं, कारण यंदाची कानबाई त्यांच्या घरी बसणार होती.

कानबाई ही खान्देशच्या घराघरांतली देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी नदीवर जाते. एका भाऊबंदकीची कानबाई एकाच घरी, आणि सगळे भाऊबंद तिथे गोळा होतात. सुरतेतल्या खैरनारांची कानबाई गेली एकोणीस वर्षं चिंधांचे चुलतभाऊ लखनआप्पा यांच्याकडे बसत होती. दरवर्षी सरलाबाई तिथे जायच्या, राबायच्या, आणि येताना रिक्षात एक शब्द बोलायच्या नाहीत. यंदा लखनआप्पांच्या घरात लिफ्टचं काम निघालं, जिना उखडला आणि बैठकीत ठरलं की कानबाई चिंधाकडे. सरलाबाईंनी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. भिंतींना रंग काढला, नवा पडदा शिवला, माहेरची नथ पॉलिशला दिली. बाई नुसत्या तरंगत होत्या.

ब्लॉगवर काय लिहायचं यावर मात्र अख्ख्या मजल्यानं सल्ला दिला. समोरचे योगेश गित्ते बीडकडचे, विम्याचं काम करायचे, आणि विमा न घेणाऱ्या माणसालाही सल्ला फुकट देत. "काका, आरोग्यावर लिवा," ते म्हणाले, "मेथीचे दहा फायदे. लोकं फायदे लई वाचतात. अन् फोटो हसरा टाका, तुमचा चेहरा बघून माणूस घाबरतंय." त्यांनी स्वतःच गच्चीवर नेऊन चिंधांचे चाळीस फोटो काढले. एकाही फोटोत हसू आलं नाही. एकेचाळिसाव्या वेळी चिंधांना शिंक आली आणि तोच फोटो बरा म्हणून ब्लॉगवर चढला. सरलाबाईंनी कणीक मळता मळता सांगितलं, "देवाधर्माचं लिहा काहीतरी. त्यात कोणी भांडण काढत नाही."

बाईंनी सांगितलं आणि चिंधांनी ऐकलं. बायकोचं ऐकलं म्हणून एवढं महागात पडलेला दुसरा माणूस निदान डिंडोलीत तरी नसेल.

सुट्टीच्या दिवशी ते वही घेऊन बसले. मेथी सुचली, मेथीचे दोनच फायदे आठवले. मग कानबाई आठवली, कानबाईवरून रोट आठवले आणि रोटांवरून माय आठवली. त्यानंतर तीन तास त्यांनी मान वर केली नाही.

रोटांचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथेच आहे. कानबाईला घराण्यातल्या एकेका पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्या पिठाचे रोट करतात. तो प्रसाद. पण हा प्रसाद वाटायचा नसतो. तो फक्त भाऊबंदांनी खायचा. शेजारी नाही, मित्र नाही, लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा नाही. पौर्णिमेच्या आत संपवायचा, ताटात टाकायचा नाही, तोंडातला थुंकायचा नाही. परक्याच्या तोंडात गेला तर देवी कोपते. असं सगळे मानतात, आणि जे मानत नाहीत ते बोलत नाहीत.

चिंधांनी लिहिलं ते दोन हजार सहा सालचं. तेव्हा ते कतारगामला भाईदासभाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते, खाली घरमालक. ऑगस्टातला रविवार होता, लखनआप्पांकडे कानबाई बसली होती आणि वाट्याचे रोट घरी आले होते. सोमवारी तिला तापीवर न्यायचं, तर तापीच घरी आली. बघता बघता खालचा मजला बुडाला. भाईदासभाई, त्यांच्या जसुबेन आणि दोन वर्षांची नात गच्चीवर आले. तीन दिवस वीज नाही, दूध नाही, दाणा नाही. सगळ्या इमारतीत खाण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे चिंधांच्या घरचे रोट. आणि चिंधांच्या मायनं, जिनं जन्मभर रोटाचा चतकोर परक्याला दिला नव्हता, स्वतःच्या हातानं ते रोट भाईदासभाईंच्या घराला खाऊ घातले. 'कानबाई आई आहे,' चिंधांनी शेवटी लिहिलं, 'भुकेलं लेकरू कोणाचं आहे ते ती विचारत नाही, हे माझ्या अडाणी मायला कळत होतं.'

हे वाक्य लिहिल्यावर त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. मायला जाऊन आठ वर्षं झाली होती. आपल्याला लिहिता येतं की काय, अशी शंका त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आली. घरात वाचून दाखवायची मात्र लाज वाटली. हर्षदानं भराभर टाइप केलं, पालक म्हणून परवानगी दिली आणि लेख गेला.

पहिले दोन दिवस सुखाचे होते. चाळीस लोकांनी वाचला. हर्षदानं लेख भाईदासभाईंना पाठवला, त्यांच्या नातवानं तो गुजरातीत करून वाचून दाखवला, आणि म्हाताऱ्यानं फोन केला. "चिंधाभाई, तुम्ही माझ्या जसुचं नाव लिहिलं!" एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. जसुबेन चार वर्षांपूर्वी गेल्या होत्या. म्हाताऱ्यानं तो लेख सौराष्ट्रातल्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला. चिंधा दुसऱ्या दिवशी कामावर जाताना इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

तिसऱ्या दिवशी लेख भाऊबंदांच्या ग्रुपवर पोचला.

लखनआप्पांनी तिथे काही लिहिलं नाही. नुसती एक आवाजाची क्लिप टाकली. ती चार मिनिटांची होती, त्यातला पहिला मिनिटभर फक्त श्वास होता. मग अहिराणीत, "चिंधा, तुन्हा घरमा काय व्हयनं व्हतं हाई आमले एकोणीस साल कसं काय सांगं नही?"

आणि मग जे सुरू झालं त्याला शब्द नाहीत. एकोणीस वर्षांत खैरनारांच्या घरांत जे जे वाईट झालं होतं ते सगळं चिंधांच्या नावावर जमा झालं. लखनआप्पांच्या मुलाचं, भूपेंद्रचं ठरलेलं लग्न मोडलं होतं दोन हजार सातला, ते का हे आता कळलं. एकाचे लूम जळाले, एकाला मुतखडा झाला, तोही दोनदा. एका पुतण्यानं कळवलं की तो दहावीला तीनदा नापास झाला त्याचं कारण आजवर त्याला कळत नव्हतं. कतारगामातल्या एका भावजयीच्या गुडघ्यांनीही त्याच सुमारास दुखायला सुरुवात केली होती. चिंधा एकेक वाचत होते आणि खालच्या कोपऱ्यात ब्लॉगचे वाचक वाढत होते. एकशेनव्वद. दोनशेदहा. हर्षदा हळूच म्हणाली, "पप्पा, रिस्पॉन्स चांगला आहे."

"पुसून टाक," चिंधा म्हणाले.

"सोमवारी सर मार्क देणार आहेत, पप्पा. तोपर्यंत नाही पुसता येणार."

"मी सांगतो ना तुला!"

"पालक मी आहे," हर्षदा म्हणाली, आणि लगेच तिचं तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिनं चहा करून आणला. पण पुसला नाही.

बैठक लखनआप्पांच्या घरी बसली. उखडलेल्या जिन्यावरून फळ्या टाकल्या होत्या, त्यावरून चिंधा तोल सांभाळत वर गेले. एखाद्या आरोपीला इतक्या कसरतीनं कोर्टात जावं लागत नसेल. आत अकरा पुरुष आणि मंगलाबाई बसल्या होत्या. मंगलाबाई म्हणजे लखनआप्पांची बायको. एकोणीस वर्षं कानबाई आपल्या घरात बसवायची त्यांना सवय झाली होती आणि लिफ्टवाल्यांना त्या रोज शिव्या देत होत्या. त्यांचा चेहरा त्या दिवशी फार दिवसांनी प्रसन्न दिसत होता.

"ज्या घरात देवीचा प्रसाद बाटला," त्या म्हणाल्या, "त्या घरात देवी कशी बसवायची? मी आपली विचारतेय. मला काय, फळ्यांवरून वर आणू आम्ही."

चिंधांनी सांगून पाहिलं. पूर होता, लहान पोर होतं, तीन दिवसांची भूक होती. सगळ्यांनी माना हलवल्या. पूर होता हे सगळ्यांना मान्य होतं. भूक होती हेही मान्य होतं. एका काकांनी तर आपण पुरात कसे झाडावर बसलो ते अर्धा तास सांगितलं. पण मुद्दा रोटाचा होता.

शेवटी लखनआप्पांनी तोड काढली. आप्पा दुष्ट नव्हते. वीस वर्षं समाजाच्या मंडळाचे सचिव होते, त्यामुळे कोणत्याही दुःखावर कागद हाच उपाय आहे अशी त्यांची श्रद्धा होती. चिंधानं खुलासा लिहायचा. ब्लॉगवर, त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरात. त्यात म्हणायचं की 'माझ्या मातोश्रींनी रोट परक्यांना दिले हा मजकूर संपूर्ण काल्पनिक आहे, तसं काही घडलं नाही'. तीन प्रती छापून सही करून मंडळाच्या फायलीला द्यायच्या. खुलासा आला तर भाऊबंद चिंधाकडे येतील. नाही आला तर एकही खैरनार त्या घरची पायरी चढणार नाही.

"पन आप्पा, ते खरं शे," चिंधा म्हणाले.

"खरं शे म्हनीसनच लिखनं पडी." खरं आहे म्हणूनच तर लिहावं लागणार होतं.

चिंधा घरी आले. जन्मात एक गोष्ट मनापासून लिहिली, ती खरी होती, ती मायची होती, आणि आता तीच खोटी म्हणून सही करायची. नाही केली तर सरलाबाईंची कानबाई गेली. एकवीस पुरुषांचे मोजलेले गहू दळून घरात आले होते. कोणी आलं नाही तर ते रोट पौर्णिमेच्या आत संपवणार कोण, तर खाणारे तिघं. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि पोटावर हात ठेवून बसून राहिले.

योगेशनी सल्ला दिला की वकिलाची नोटीस द्या. मग म्हणाले, देऊ नका, त्यापेक्षा भाऊबंदांना सामूहिक विम्याचं बघा, राग जातो. चिंधांनी दार लावून घेतलं.

त्यांना वाटलं होतं सरलाबाई तरी म्हणतील, मायच्या नावावर असं लिहू नका. सरलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पडद्याच्या नव्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "लिहून टाका."

"काय?"

"लिहा ना. मायनं रोट दिले नाहीत असं लिहायचंय ना? लिहा. काय बिघडतं?"

चिंधांना बायकोचा असा राग लग्नानंतर पहिल्यांदा आला. हिला देवी पाहिजे, नथ मिरवायची आहे, मंगलाबाईंना खाली बघायला लावायचं आहे, त्यापुढे सासूच्या पुण्याची किंमत नाही! ज्या मायनं हिला लेकीसारखं वागवलं तिची!  त्यांनी वही घेतली, आप्पांनी सांगितलं ते अक्षर न् अक्षर उतरवलं आणि हर्षदाकडे फेकलं. रागाच्या भरात केलेली तिसऱ्या प्रतीवरची सही बँकेनंही नाकारली असती. लखनआप्पांनी ती नाकारलीच. ती प्रत पुन्हा छापून आणावी लागली, आणि छपाईवाल्याकडे जेवणाची सुट्टी होती.

खुलासा ब्लॉगवर चढला आणि मूळ लेख ज्यांनी वाचला नव्हता त्यांनीही तो शोधून वाचला. रात्रीपर्यंत पाचशे वाचक पार झाले. हर्षदाच्या सरांनी 'फार छान वाद निर्माण केला' असं कळवलं.

रविवार उजाडला. कानबाई बसली. खरं सांगायचं तर बसलेली देवी बघून चिंधांचाही राग दोन घटका निवला. नारळाचा मुखवटा, त्याला माहेरची नथ, अंगावर हिरवी साडी, दोन्ही बाजूंना केळीची पानं. सरलाबाई पहाटेपासून उभ्या होत्या. दुपारनंतर एकेक भाऊबंद येऊ लागला. आले, पण सगळे असे आले जसे काही रुग्णालयात भेटायला आलेत.  मंगलाबाई आल्या, त्यांनी आधी नथ बघितली, मग पडदा, मग पंख्यावर धूळ आहे का ते. धूळ नव्हती.

दिवेलागणीला आरती झाली, पानं मांडली. एकवीस पुरुष दोन खोल्यांत गुडघ्याला गुडघा लावून बसले. कटाची आमटी, गंगाफळाची भाजी, खीर, आणि रोट. सरलाबाई वाढत होत्या. सगळ्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि दारात भाईदासभाई उभे राहिले.

ब्याऐंशी वर्षांचा माणूस, कतारगामहून रिक्षा करून एकटा आला होता. हातात फोन होता. त्यांनी कोणाला नमस्कार केला नाही.

"चिंधाभाई," ते म्हणाले, "मला एक सांगा. पहिलं लिहिलं ते खोटुं, के पछी लिहिलं ते खोटुं?"

चिंधांच्या तोंडात घास होता. तो इकडे होईना, तिकडे होईना.

"माझी जसु मरेपर्यंत सांगायची, पूर आला तेव्हा चिंधाभाईच्या घरचं खाऊन आपली पोर जगली. नातेवाइकांना पण मी तेच सांगितलं. आता ते फोन करून विचारतात, भाईदास, तू डोसो थई गयो, म्हातारा झाला, काहीही बोलतो. मी खाल्लं ते मी खाल्लं नाही? जसु खोटुं बोलायची?"

 लखनआप्पांनी सचिवाच्या आवाजात, घास गालात सरकवून सांगितलं, "भाईदासभाई, त्याचा खुलासा झाला आहे. चिंधाच्या आईनं रोट दिले नव्हते. फायलीला आहे."

"खुलासा बराबर शे, आप्पा," सरलाबाई म्हणाल्या.

त्या रोटांचं ताट घेऊन मधोमध उभ्या होत्या. आवाज नेहमीचाच होता, कोणाला आणखी भाजी हवी का विचारतात तसा.

"मायनी रोट दिनाच नहीत. मी दिना."

 चिंधा बायकोकडे बघतच राहिले.

"हे तर तेव्हा तापात पडले होते," सरलाबाईंनी नवऱ्याकडे मान करून सांगितलं. "ते पोर रडत होतं. मी उठले आणि रोट दिले. माय नको नको म्हणत होती, हात धरला माझा, मी सोडवून घेतला. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पाणी उतरल्यावर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, उद्या भाऊबंदांना कळलं तर तुला जगू देणार नाहीत. कोणी विचारलं तर माझं नाव सांग. मी म्हातारी, मला कोण काय करणार? आणि ह्यांना पण तिनंच सांगितलं, की मी दिले म्हणून."

चिंधा खैरनारांना काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. आपण लिहिलं ते चूक होतं, आणि चूक आहे म्हणून सही केली ते बरोबर होतं, हे डोक्यात शिरायलाच वेळ लागला. आणि ते शिरल्यावर लाज वाटली. चार दिवस या बाईशी ते धड बोलले नव्हते. माय तर कधीच गेली होती, तिला आता विचारायचं तरी काय आणि कसं?

"म्हणजे हिनं!" मंगलाबाई ओरडल्या. "हिच्या हातानं! आणि हिच्या हातचे रोट आज आपण..."

एकवीस पुरुषांचे जबडे थांबले. प्रत्येकाच्या तोंडात घास होता. गिळावा तर हा हात, थुंकावा तर देवीचा रोट. भूपेंद्रचे डोळे पाणावले. दहावीवाल्या पुतण्यानं आप्पांकडे बघितलं, आप्पांनी देवीकडे बघितलं.

"आजचं काय घेऊन बसल्या, मंगलाबाई?" सरलाबाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षं तुमच्या घरी पहाटे येऊन रोट कोण थापतं? तुमचे हात दुखतात म्हणून तुम्ही कधी पिठाला हात लावलात का? सगळ्यांनी माझ्याच हातचे खाल्ले. दरसाल."

 मंगलाबाईंना हे खोटं आहे असं म्हणायची सोय नव्हती. खोलीतल्या प्रत्येक बाईला ते माहीत होतं.

 लखनआप्पांनी डोळे मिटले आणि घास गिळला. गिळलेला सगळ्यांना दिसला. त्यांच्यामागून उरलेल्या वीस जणांनी गिळलं.

सरलाबाईंनी एक पाट आणला. ठेवायला जागा नव्हती. लखनआप्पा काही न बोलता भिंतीकडे सरकले, त्यांच्यामुळे पुढची सगळी रांग सरकली, आणि त्या फटीत पाट बसला.

"बसा, भाईदासभाई."

म्हातारा बसला. त्याच्या ताटात काय वाढलं जातंय ते सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांनी आपापल्या आमटीत लक्ष घातलं.

दाराशी उभ्या असलेल्या हर्षदानं फोन खाली घेतला आणि हळूच विचारलं, "पप्पा, तिसरा लेख बाकी आहे. हे..."

"हाई मात्र लिखू नको, चिंधा," लखनआप्पा ताटातून मान वर न करता म्हणाले. त्यात हुकूम नव्हता, ते चक्क विनवत होते.

"नही लिखस, आप्पा," चिंधा म्हणाले. सरलाबाई त्यांच्यापुढे येऊन वाकल्या, रोट वाढला, आणि दुसरा वाढू का म्हणून विचारलं. चिंधांनी ताट पुढे केलं.